सील बदललं तरी पुढचा शॉकअप पुन्हा गळतोय

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गेलं, बदलून घेतलं, काही आठवडे बरं चाललं आणि पाइपवर पुन्हा तेलाचं कडं दिसायला लागलं. मग दुसऱ्या कंपनीचं सील टाकलं, तेही टिकलं नाही. पावसाळा संपला की ही तक्रार घरोघरी ऐकू येते, कोकणात तर जास्तच, आणि शिव्या बसतात त्या सीलला. माझं म्हणणं एवढंच आहे की सील दुसऱ्यांदा लवकर गेलं असेल, तर तिसरं विकत घेण्याआधी पहिली दोन का गेली ते शोधा. सील घरी बदलता येतं, त्याची कृतीही पुढे दिली आहे. पण मूळ दुखणं तसंच ठेवलं तर ती कृती कितीही निगुतीने केली तरी पैसे आणि रविवार दोन्ही वाया जातात.

हे सगळं स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर १५० अशा रोजच्या गाड्यांच्या साध्या शॉकअपबद्दल आहे, म्हणजे चकचकीत पाइप वर आणि ॲल्युमिनियमचा बॉटम खाली. पाइपावर हार्ड क्रोमचा थर असतो, आत स्प्रिंग आणि तेल. बॉटमच्या तोंडाशी सील बसलेलं असतं. त्याच्यावर तारेचं लॉक आणि सगळ्यात वर डस्ट सील. तेल आत धरून ठेवण्याचं सगळं काम सीलच्या रबरी ओठाचं. त्या ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती त्याला पाइपावर आवळून धरते. गाडी चालू असताना हा ओठ सतत पाइपावरून घासत वरखाली होत असतो, त्यामुळे पाइपाची जशी अवस्था तशी त्याची होते.

आधी गळती कुठून आहे ते नक्की करा. डस्ट सील बारीक स्क्रू ड्रायव्हरने हळूच उचकटून पाइपावर वर सरकवा. आतली माती पुसा, कोरड्या फडक्याने सगळं लख्ख करा. आता पुढचा ब्रेक धरून शॉकअप आठ-दहा वेळा जोरात दाबा आणि टॉर्च मारून बघा, ओल पहिल्यांदा कुठे येते. पाइप आणि सीलचा ओठ यांच्यामधून आली तर दोष ओठाचा किंवा पाइपाचा. पाइप कोरडा आणि सीलच्या बाहेरच्या कडेने, म्हणजे सील आणि बॉटम यांच्या फटीतून तेल वर येत असेल तर सील वाकडं बसलंय किंवा बॉटमच्या आतल्या भिंतीवर ओरखडा आहे. मागच्या वेळी कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घुसवून जुनं सील उचकटताना तो पडलेला असतो. सील कितीही चांगलं आणा, त्या ओरखड्यातून तेल वाट काढणारच. आणि वर सगळं कोरडं असून बॉटमच्या टोकाला, चाकाच्या एक्सलजवळ तेल दिसत असेल, तर सील निर्दोष आहे. बॉटमच्या तळाला ॲलन बोल्ट असतो आणि त्याला तांब्याचं वायसर. ते वायसर एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही. खोललं की नवीन टाकायचं, पण जुनंच परत लावण्याची सवय सर्रास आहे. चालत्या गाडीवर वाऱ्याने तेल पसरतं, म्हणून गळती वरून की खालून हे नुसतं डाग बघून कळत नाही.

गळती ओठातून आहे आणि अगदी थोडी आहे, तर काहीही न खोलता एक उपाय करून बघण्यासारखा आहे. घरात जुनी एक्स-रेची फिल्म असतेच. तिची दोन बोटं रुंद पट्टी कापा, एका टोकाला कडेने छोटा आकडा ठेवा आणि पट्टीच्या कडा नखाने घासून गुळगुळीत करा. डस्ट सील वर सरकवून ही पट्टी पाइपाला चिकटवत सीलच्या ओठाखाली अलगद सरकवा, पाइपाभोवती गोल फिरवा आणि आकड्याने ओढत बाहेर काढा. ओठात अडकलेला वाळूचा कण किंवा मातीची बारीक पापडी तिच्यासोबत बाहेर येते. पुसून पुन्हा दाबून बघा. कच हेच कारण असेल तर गळती इथेच थांबते. दोन-तीनदा करूनही थांबली नाही तर सील उतरवायचं आहे असं समजा.

पण त्याआधी पाइप तपासा. माझा अनुभव असा की वारंवार गळणाऱ्या शॉकअपमध्ये दहातल्या बहुतेक वेळा उत्तर पाइपावरच सापडतं. गाडी उभी असताना डस्ट सीलच्या वर जेवढा पाइप उघडा राहतो, त्याच्यावर पावसाचं पाणी, खारी हवा आणि पुढच्या ट्रकच्या टायरातून उडालेली खडी यांचा मारा होतो. क्रोमला बारीक टवका गेला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि तिथे गंज खड्डा पाडतो. ब्रेक दाबला किंवा गाडी गतिरोधकावरून उतरली की नेमका हाच भाग सीलमधून आत जातो. खड्ड्याची धारदार कड ओठाला दर वेळी थोडी थोडी कापते, शिवाय खड्ड्यात भरलेलं तेल दर खेपेला बाहेर येतं.

डोळ्यांवर विसंबू नका. पाइप डिझेलने पुसून कोरडा करा, मग अंगठ्याचं नख त्याच्यावरून उभं आणि आडवं फिरवा. नख अडखळलं तर सीलचा ओठही तिथे अडखळणार. त्याहून बारीक दोष शोधायला कापसाचा बोळा घ्या आणि पाइपाभोवती हलक्या हाताने फिरवत खाली आणा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतात तिथे मार्करने खूण करा. ओळखीतल्या एका गुरुजींच्या युनिकॉर्नचा उजवा शॉकअप असाच दर काही आठवड्यांनी गळायचा. पाइप बघताना आरशासारखा. कापूस फिरवला तर पाइपाच्या मागच्या बाजूला, इंजिनाकडे तोंड करून असलेल्या भागात, दोन तंतू लटकले. तिथे मोहरीच्या दाण्याहून लहान काळा ठिपका होता. समोरून तो कधीच दिसला नसता. प्रत्येक वेळी सील बदलणाऱ्याने पाइप समोरून पुसला होता आणि ठीक आहे म्हणून सोडला होता.

पाइपावरचा प्रत्येक डाग मात्र घातक नसतो. सील पाइपावर कुठपर्यंत चढतं ते बघायला डस्ट सीलच्या लगेच वर पाइपाला एक प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा, सैल नको आणि फार घट्टही नको. रोजच्या रस्त्याने फिरून या, जोरात ब्रेकही मारून बघा. डस्ट सील टायला वर ढकलतं आणि तो जिथे थांबतो तिथपर्यंत तुमच्या सीलची मजल असते. त्याच्या बऱ्याच वरचा, टीच्या (हँडलखाली दोन्ही पाइप पकडून ठेवणाऱ्या जोडाच्या) जवळचा गंज दिसायला वाईट असला तरी गळतीशी त्याचा संबंध नाही. त्या रेषेच्या खालचा प्रत्येक खड्डा मात्र हिशेबात धरा. काही जण पाइप अर्धा फिरवून खड्डा मागच्या बाजूला नेतात. याने काहीही साधत नाही, ओठ पाइपाला चहूबाजूंनी टेकलेला असतो.

खड्डा एखाददुसरा आणि लहान असेल तर घरी काम भागतं. कड उचललेली असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून ती बसवा, पेपर पाइपाभोवती आडवा फिरवा. उभा घासलात तर तेलाला वर चढायला पन्हळी तयार होतात. गंज टोकदार सुईने खरवडून काढा, खड्डा पेट्रोलने धुऊन सुकवा आणि त्यात अरल्डाइट भरा. एक दिवस पूर्ण कडक होऊ द्या. मग २००० नंबरच्या पेपरने पाइपाशी अगदी सपाट होईपर्यंत घासा आणि नख फिरवून खात्री करा. ही डागडुजी आहे, पण नीट केली तर एखादा पावसाळा निघतो. खड्डे पुष्कळ असतील तर ती करत बसू नका. लहान गाड्यांसाठी नवीन पाइप घेणंच परवडतं. महागड्या किंवा जुन्या, पाइप न मिळणाऱ्या गाडीसाठी हार्ड क्रोम करून घ्यावं. पुण्यात भोसरी, कोल्हापुरात उद्यमनगर, नाशकात अंबड अशा औद्योगिक भागात चौकशी करा. तिथे जुना क्रोम उतरवून, नवा जाड थर चढवून, ग्राइंडिंग करून पाइप मूळ मापाला आणतात का, हे विचारून घ्या. नुसता चकाकीचा क्रोम सीलपुढे टिकत नाही.

पाइप वाकलेला असेल तर गोष्ट वेगळी. गाडी कुठे धडकली असेल किंवा मोठ्या खड्ड्यात आपटली असेल तर हा संशय धराच. पाइप बाहेर काढल्यावर जाड काचेवर लोळवून बघा, खाली फट उघडझाप होताना दिसली तर वाकलाय. लेथवाल्याकडे डायल लावून तपासून मिळतं. वाकलेला पाइप सीलला एकाच बाजूने दाबतो, म्हणून तेलही कायम त्याच एका बाजूने झिरपतं.

आता खोलण्याचं काम. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा, पुढचं चाक अधांतरी राहिलं पाहिजे. ज्या गाड्यांना मेन स्टँडच नाही त्यांची चेसी छपराच्या मजबूत तुळईला दोराने आवळावी, जॅकच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. पाइप ज्या टीच्या बोल्टांनी धरलेला असतो ते सैल करण्याआधी पाइप वरच्या टीच्या किती वर आहे त्याची खूण करा, बसवताना दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात.

दोन गोष्टी चाक काढण्याआधीच करायच्या. तळाचा ॲलन बोल्ट चाक आणि स्प्रिंग जागेवर असतानाच थोडा सैल करा. नंतर आतला रॉड त्याच्यासोबत गरागरा फिरतो आणि बोल्ट निघत नाही. तरीही फिरलाच, तर झाडूचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासून वरून आत दाबून धरा, किंवा जवळच्या टायरवाल्याकडे एअर गन असेल तर त्याच्याकडून काढून घ्या. दुसरं म्हणजे वरची कॅप पाइप टीमध्ये पकडलेला असतानाच सैल करायची, फक्त वरच्या टीचा आवळणारा बोल्ट तेवढा आधी ढिला करून. कॅपखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटच्या आट्यांवर जाड फडकं धरून तळव्याने दाब देत काढा, तोंड वर नेऊ नका.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड धरणारा भाग, काढून तारेने हँडलला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हरला कुणी हात लावणार नाही याची काळजी घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. गळलेलं तेल पॅडवर गेलेलं असेल तर पॅड बदलाच. घासून, जाळून ते परत वापरण्याचा मोह होतो, पण तेल पॅडच्या आत मुरलेलं असतं आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक घसरतो. इथे काटकसर नको.

मडगार्ड आणि चाक निघालं की शॉकअप खाली ओढून काढा, जुनं तेल डब्यात ओता. ते गटारात किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका, गॅरेजवाल्यांकडे जुन्या ऑइलचं पिंप असतं तिथे द्या. ॲलन बोल्ट काढला, लॉक काढलं की पाइप आणि बॉटम वेगळे होतात. काही गाड्यांत बुश, म्हणजे पाइप आणि बॉटम यांच्यामधल्या घासणाऱ्या रिंगा, असतात, तिथे पाइप झटके देत ओढावा लागतो आणि सील त्याच्यासोबत बाहेर येतं. नाहीतर सील उचकटावं लागतं. बॉटमच्या कडेवर लाकडाची चिप ठेवा आणि पान्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मगच उचका.

निघालेलं सील फेकू नका, उजेडात धरून बघा. गळण्याचं कारण त्याच्यावर लिहिलेलं असतं. ओठावर एकाच जागी उभी चीर असेल तर पाइपावरचा खड्डा किंवा बसवताना पाइपाच्या धारदार टोकाने झालेली जखम. ओठ एका बाजूला झिजून चपटा आणि दुसऱ्या बाजूला नव्यासारखा असेल तर पाइप वाकलाय किंवा बुश गेलेत. सगळा ओठ सारखा कडक, नखाने दाबल्यावर न दबणारा झाला असेल तर सीलचं वय झालं होतं, ही सगळ्यात बरी बातमी. ओठात माती भरलेली असेल तर डस्ट सीलने काम सोडलंय. बाहेरच्या गोलाईवर तिरपा खरवडलेला पट्टा असेल तर ते वाकडं ठोकलेलं होतं. बारीक स्प्रिंग निसटून भलतीकडे पडलेली असेल तर ठोकताना ती उडाली आणि सील पहिल्या दिवसापासूनच अर्धवट काम करत होतं.

नवीन सील जोडीनेच घ्या, दोन्ही शॉकअपचं, आणि डस्ट सीलही. डस्ट सील जुनंच परत चढवणं हे सील लवकर जाण्याचं पाइपावरच्या खड्ड्यांखालोखाल मोठं कारण आहे. सीलवर ३५×४८×११ असे तीन आकडे कोरलेले असतात, आतलं माप, बाहेरचं माप आणि उंची, सगळी मिलिमीटरमध्ये. जुन्या सीलशी हे आकडे जुळवूनच दुकानातून निघा. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षांनुसार पाइपाची जाडी बदललेली असते.

सगळे भाग डिझेलने धुऊन पूर्ण सुकवा, आत डिझेल राहिलं तर नवीन तेल पातळ होतं. रॉड आणि त्याचे तुकडे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घाला, खोलताना मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले असले की गोंधळ होत नाही. पाइप बॉटममध्ये बसवून ॲलन बोल्ट नव्या तांब्याच्या वायसरसह आवळा. आता पाइपाच्या वरच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओढून तिला शॉकअपचं तेल लावा. सीलच्या ओठालाही तेच तेल लावा आणि आकडे असलेली बाजू वर ठेवून सील पिशवीवरून खाली सरकवा. पाइपाच्या टोकाची धार नव्या सीलला इथेच कापते, आणि हे गॅरेजच्या घाईत हमखास घडतं.

ठोकायला हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणा. तो पाइपावरून सहज सरकला पाहिजे आणि बॉटमच्या तोंडात मावला पाहिजे. टोक कानशीने चौरस करून बुरा पुसून टाका. नव्या सीलवर जुनं सील ठेवून त्यावर पीव्हीसीने चहूबाजूंनी सारखं ठोका. सील तळाला टेकलं की हातोडीचा आवाज बदलतो, बद्द येणारा आवाज खणखणीत होतो. लॉकची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत ठोका. खाच अर्धीच दिसत असताना लॉक दाबून बसवलं तर ते पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर उसळून बाहेर येतं. लॉक बसल्यावर ते खाचेत सैल फिरतंय का ते बघा, मगच डस्ट सील दाबा.

तेल किती आणि कोणतं हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. नुसतं तेल काढून नवीन घालायचं माप आणि पूर्ण खोलून सुकवल्यावरचं माप वेगळं असतं, दुसरं थोडं जास्त. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजने मोजून भरा, दोन्हीकडे काटेकोर सारखं. गळतंय म्हणून थोडं जादा टाकून ठेवू असा विचार करू नका. तेलाच्या वर जी हवा राहते तीच शॉकअप दबताना आकसते. तेल जास्त झालं की हवेला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि तो सगळा सीलच्या ओठावर येतो. इंजिनाचं २० डब्ल्यू ४० ऑइल टाकण्याची पद्धत खूप ठिकाणी आहे. ते शॉकअपसाठी जाड पडतं, खड्ड्यात हात दुखतात, ते टाळाच. तेल भरल्यावर स्प्रिंग घालण्याआधी पाइप हळूहळू वरखाली करा, बुडबुडे थांबले की पुढे जा.

परत जोडताना एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि ती वारंवार गळण्यामागे असते. शॉकअपच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर पाइप बॉटममध्ये तिरपा घासतो. म्हणून टीचे बोल्ट आवळा, चाक घाला, एक्सल आवळा, पण एक्सलला धरणारा खालचा पिंच बोल्ट आणि मडगार्डचे बोल्ट ढिलेच ठेवा. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरा आणि शॉकअप चार-सहा वेळा पूर्ण दाबा, दोन्ही बाजू आपापल्या जागी येतात. मग ते बोल्ट आवळा. मडगार्डची पट्टी वाकलेली असेल आणि बोल्ट घालायला बॉटम हाताने ओढावा लागत असेल तर पट्टी सरळ करून घ्या, जबरदस्तीने बोल्ट घालू नका. ब्रेक लिव्हर दोन-चार वेळा दाबून कडक होईपर्यंत रस्त्यावर निघायचं नाही.

पहिल्या फेरीनंतर पाइपावर तेलाची पुसट रेघ दिसेल, ती बसवताना लावलेल्या तेलाची. पुसा आणि पुन्हा बघा. पुसल्यावर पुन्हा ओघळ आला तरच काळजी. त्यापुढे गाडी धुवायला नेलीत तर प्रेशरचा फवारा डस्ट सीलवर मारू नका म्हणून सांगा, पाण्यासोबत चिखल आत ढकलला जातो. लाल मातीच्या रस्त्यावरून आलात की मऊ फडक्याने पाइप पुसा, वाळलेला चिखल खरवडू नका. जुन्या हिमालयन ४११ सारख्या गाड्यांना पाइपावर रबरी गेटर असतात, ते खडीपासून वाचवतात पण आत पाणी साठवून ठेवतात. पावसाळ्यात अधूनमधून गेटर वर करून आतला पाइप कोरडा करा.

ड्यूक ३९० सारख्या गाड्यांचे उलटे शॉकअप, म्हणजे चकचकीत पाइप खाली आणि जाड नळी वर असलेले, मात्र या पद्धतीने खोलू नका. त्यात स्प्रिंग दाबून धरायचं वेगळं हत्यार लागतं आणि सील खालच्या टोकाला असल्यामुळे गळलेलं तेल थेट कॅलिपरवर उतरतं. तिथे गळती दिसली की गाडी चालवणं थांबवा आणि ते काम येणाऱ्या माणसाकडेच न्या. पाइपाची नखाने आणि कापसाने तपासणी मात्र तिथेही तुम्ही स्वतः करू शकता, आणि ती करूनच जा.